पावलातली नाडी

दसऱ्याला सून पाया पडली नि म्हणाली, "आई, किती गार पडलेत पाय!" साखरेचा आजार आता मलाही आहे.

असेच गार पाय माझ्या सासऱ्यांचे, आबांचे होते. काळं पडू लागलेलं पाऊल वाचवायला सांगलीत त्यांच्या पायाची बायपास झाली. रक्त पोचतंय का हे कळायला नर्सनं मला पावलावरची नाडी बघायला शिकवलं. आबा संकोचून पाय आखडून घ्यायचे. सुनेनं पायाला हात लावायचा तो फक्त नमस्काराला. जागरणानं पेंगत मी बोट टेकवलं.

"हाय का गं?" आबांनी हळूच विचारलं.

बोटाखाली बारीकसं काही उडलं. "हाय, आबा."

सुटले, आता घरी जाऊन झोपेन, एवढंच तेव्हा मनात आलं.

आज सुनेचा हात अजून माझ्या पावलावरच होता. तोंडून निघून गेलं, "हाय का गं?"

"काय, आई?"