हँडब्रेक मी पाहिला होता

हिंगोलीत माझं गॅरेज आहे. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे दाजी, त्यात माझ्याबरोबर काम करतात. सात वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायला एक जुनी पिकअप घ्यायची. कळमनुरीकडून, सेनगावकडून फोन यायचे आणि दर वेळी कुणाचा तरी ट्रॅक्टर मागायला जावं लागायचं.

ती पिकअप मी पसंत केली. एकटा गेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सगळीकडे मी 'आपण घेतली' असंच म्हणत आलो.

सेनगावच्या पुढं एका शेतात ती उभी होती. मालकानं तिच्यामागं हळदीच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली बांधून दाखवली. ओल्या वाटेवरून तिनं ती सहज ओढत नेली. ओढायची गाडी आमच्याकडं अशीच बघतात, ओढते किती ते. मालक पाणी आणायला घरात गेला तेव्हा गाडी उतारावर होती. हँडब्रेक पूर्ण ओढलेला आणि तरी मागच्या चाकाखाली एक दगड लावलेला. मी पायानं दगड बाजूला केला. गाडी सरकली. घाईनं दगड परत सारला. मालक आला, मी पाणी प्यालो आणि व्यवहार पक्का केला.

दाजींनी बाळापूरला एक गाडी पाहून ठेवली होती. ती त्यांना पसंत होती. मला माझीच आणायची होती, याच्यापलीकडं काही कारण नव्हतं. संध्याकाळी गाडी गॅरेजसमोर लावली तेव्हा त्यांनी भोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ब्रेक पाह्यले का?"

"पाह्यले," मी म्हणालो.

पाहिले होतेच. खोटं म्हणावं तर तेही नव्हतं.

दुरुस्त का केला नाहीस, असं कुणीही विचारेल. गॅरेजच माझं. त्या दिवसांत लोकांच्या किती गाड्यांचे हँडब्रेक मी आवळले असतील. आपल्याच गाडीचं काम राहून जातं, हे एक. दुसरं असं की दाजींसमोर ते काम काढलं असतं तर पहिल्या दिवशीच कळलं असतं की मी काय आणलं. मग मी हौद्यात एक दगड टाकून ठेवला. चढावर थांबलो की गुपचूप उतरून चाकामागं लावायचा. आठ महिने असे गेले.

दोरानं गाडी ओढताना बंद गाडीत एकाला बसावं लागतं. इंजिन चालू नसलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखा लागतो. हात सराईत पाहिजे. ते काम दाजींचं. मी पिकअप चालवायचो.

कळमनुरी रस्त्यावर एका चढाला दोराची गाठ सैल झाली. दाजींनी हॉर्न दिला, मी थांबलो. मागं बसगाड्यांची रांग लागली होती, ड्रायव्हर ओरडून राहिले होते. दाजी उतरून दोन्ही गाड्यांच्या मधे आले आणि त्यांनी विचारलं, "लावला का हँडब्रेक?" मी म्हणालो, लावला. लावला होता. मग मी दुसऱ्या बाजूनं उतरून मागच्या बसला थांबायचा हात करायला गेलो. दगड हौद्यातच राहिला.

पिकअप मागं आली. जोरात नाही, हळूच. दाजींचा डावा गुडघा दोन गाड्यांच्या मधे सापडला.

नांदेडला ऑपरेशन झालं. रात्रभर तिथं बसलो, सकाळी हिंगोलीला येऊन मी गॅरेजमधल्या भंगारातून दुसऱ्याच गाडीच्या हँडब्रेकची एक तुटकी केबल काढली आणि दवाखान्यात नेऊन ताईला दाखवली. म्हणालो, ही तुटली ऐन वेळी. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीट विचार करून केलेलं काम तेच असावं. ताईनं ती केबल हातात घेऊन पाहिली. लोखंडाचा काय भरोसा, म्हणाली. दाजी खाटेवरून म्हणाले, "त्याचा काय दोष? लेकरू रात्रभर बसून हाय, त्याला च्या पाज आधी." मी तेव्हा चाळीस वर्षांचा होतो.

तेव्हापासून दाजी लंगडतात. ते गॅरेजमध्ये खुर्चीवर बसून कार्बोरेटर साफ करतात, गिऱ्हाइकांशी बोलतात. मला त्या सहा वर्षांत झोप लागायची, जेवण जायचं. काही वाटतच नव्हतं म्हटलं तरी चालेल. दात बधिर केल्यावर जीभ फिरवून पाहावी, तसं मी अधूनमधून ते आठवून पाहायचो.

गेल्या महिन्यात त्या पिकअपचं इंजिन बसलं आणि दुसरी शोधायची वेळ आली. आखाडा बाळापूरला एक आहे असं कळलं. दाजी म्हणाले, मीबी येतो.

विकणारा बोलका होता. टायर नवे, इंजिन असं, हुक तसा, पाचशे गोष्टी. दाजींनी बॉनेट उघडूच दिलं नाही. गाडी आधी समोरच्या चढावर न्यायला लावली, हँडब्रेक ओढायला लावला, गिअरमधून काढायला लावली आणि तसेच उभे राहिले. पाच मिनिटं झाली.

"काका, उभ्या गाडीचं काय पाहून राह्यले? चालती पाहा की."

"चालती कोनीबी दाखवते," दाजी म्हणाले.

गाडी हलली नाही. ते समाधानानं माझ्याकडं वळले आणि त्या माणसाला सांगू लागले, की आमची पहिलीबी चांगलीच होती, यानंच पाहून आणली होती, पण केबल तुटली त्याला कोण काय करणार.

मी म्हणालो, "दाजी, केबल तुटली न्हवती."

विकणारा आमच्याकडं पाहू लागला, मग फोन आल्यासारखं करून बाजूला गेला. मी सगळं सांगितलं. शेतातला दगड, हौद्यातला दगड, भंगारातली केबल. सांगायला तीन-चार मिनिटं लागली असतील. मला वाटलं होतं जास्त लागेल.

"म्हंजे घेतली त्या दिवसापासून माहीत होतं तुला?"

"व्हय."

"अन् मी मधी उभा हाय हेबी माहीत होतं."

"व्हय."

ते गाडीकडं वळले. विकणाऱ्याला हाक मारून, हीच घेऊ, म्हणाले. मग एकटेच चालत स्टँडवर गेले आणि एसटीनं घरी आले. गाडी मी आणली.

रात्री ताईचा फोन आला. हे जेवले न्हाईत, बोलत न्हाईत, काहून? मी तिलाही सांगितलं. ताई म्हणाली, "ती केबल मी घरात ठेवली रे अजून," आणि फोन ठेवला. तिनं अजून मला घरी बोलावलेलं नाही.

दाजी चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि नव्या पिकअपची चावी खिळ्यावरून काढली. सेनगाव रस्त्यावर एक गाडी बंद पडली होती. "आजपासून बंद गाडीत तू बसायचं," म्हणाले.

मी बसलो. दोर ताणला, स्टिअरिंग जड झालं. पुढच्या काचेतून मला त्यांचं डोकं दिसत होतं. दर गिअरला डाव्या पायानं क्लच दाबताना ते थोडं एका बाजूला झुकायचं. हिंगोलीपर्यंत मी तेवढंच पाहत आलो.