भोंग्याचा सा

आकुर्डीच्या हॉलमध्ये मी त्यांना एकदाच पाहिलं. सिनेमांना संगीत देणारे, मैफलीही करणारे संगीतकार. चुरगळलेला शर्ट, कानामागे पेन्सिल. वादक कधीचे तयार, पण हे हाताची घडी घालून उभे.

आयोजकांचा जीव खालीवर. "सर, सुरू करा ना! आता शेजारच्या कंपनीचा भोंगा होईल, सगळं बेसूर करून टाकेल."

"त्याचीच वाट बघतोय," ते पहिल्या रांगेतल्या मलाही ऐकू येईल असं म्हणाले. "सिनेमावाल्यांना मी फार शास्त्रीय, तुम्हा मैफलवाल्यांना फिल्मी. मी वाढलो या भोंग्याखाली. माझा सा तोच!"

भोंगा झाला. त्यांनी हात उचलला आणि सगळी व्हायोलिनं त्याच सुरात मिसळली.

जन्मभर भोंगा झाला की मी उठून शिफ्टला पळालो. त्या दिवशी पहिल्यांदाच बसून राहिलो.