वहिनींच्या हाती मेमो

माझ्या पहिल्या साहेबांइतका दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात झाला नसेल, आणि त्याच कामाचा त्यांना पगार मिळत होता. एका फौंड्रीत ते एचआर मॅनेजर होते. एमबीए करून मी त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा माझ्याकडं लॅपटॉप होता आणि त्यांच्याकडं एक खडखडती स्कूटर. कामगाराला मेमो द्यायचा तर ते थेट त्याच्या घरी जात आणि कागद बायकोच्या हातात ठेवत. "त्येला दिला तर खिशात जातोय. वहिनींनी वाचला की गडी सुधारला!" असे सुधारलेले गडी पुढं त्यांनाच बारशाचं आवतण देत. साहेब हौसेनं जात, पोटभर जेवत आणि बाळाच्या बापाला रजेचा अर्ज दिला नाही म्हणून पाळण्याशेजारीच झाडत.

पहिल्याच महिन्यात मी शिरोळकडच्या एका कामगाराला काढून टाकायचं पत्र तयार केलं. भट्टीतला वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात ओतणारा जुना माणूस, तीन आठवडे न सांगता गैरहजर. साहेबांनी वाचलं. "झकास लिवलंयस. चल, द्यायला जाऊ."

त्या माणसानं आम्हाला ओसरीवर बसवलं. मी खाली मान घालून पाकीट पुढं केलं, तर त्याचा हात वीतभर बाजूनं गेला. साहेबांनी पाकीट माझ्याकडून काढून घेतलं.

"कवापासनं दिसंना झालंय?"

गडी रडायलाच लागला. "लोखंडाचा रस ओततोय साहेब. कुणाच्या पायावर सांडला म्हंजे? आन् सांगितलं तर कामावरनं काढशीला."

"काढायलाच आलीया की ही पोरगी!" साहेब म्हणाले. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, आणि साहेबांनी मालकांशी भांडून त्याला स्टोअरमध्ये घेतलं. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. पण माणसाला भेटल्याशिवाय मी पुन्हा कधी असं पत्र लिहिलं नाही. कॉलेजनं मला पदवी दिली. हे काम मात्र मी त्या ओसरीवर शिकले.

साहेब निवृत्त झाले, तेव्हा सगळ्यांचे फॉर्म भरणाऱ्या या माणसाचा स्वतःचा फॉर्म कोराच होता. मी भरायला बसले. 'नोकरी सोडण्याचं कारण' मी मोठ्यानं वाचलं.

"लिव," साहेब म्हणाले, "वय भरलं, मन न्हाय."

रकाना लहान होता. मी 'वयोमर्यादा' एवढंच लिहिलं.