टाकी लावल्याच्या दुसऱ्या दिवशी

लहान धंद्यांची वीज वाचवायची, हे माझं काम. नगरहून एस.टी. पकडायची, खांद्याला मीटरची पिशवी, आणि बेकरी, लाँड्री, पिठाची गिरणी करत गावोगाव फिरायचं. कुठली मोटर उगाच जास्त वीज खाते ते मोजायचं. मोटर खराब निघाली तर आमची संस्था नवी बसवून देते. आठ वर्षं हे मी एकट्यानं केलं आणि माझ्यावाचून यांचं पान हलत नाही अशा थाटात वावरलो. मग संस्थेत ती नवी रुजू झाली.

पोरगी माझ्या निम्म्या वयाची. तिला नाव ठेवायला जागाच नव्हती, तेच तर माझं दुखणं होतं. बेलापूरच्या गिरणीवाल्या मावशींकडे मी एवढी वर्षं जातोय. मला दारातलं स्टूल आणि अर्धा कप चहा. ही दुसऱ्यांदा गेली तर मावशी म्हणतात, "पोरी, जेवल्याबिगर जायचं न्हाई बघ." आणि हात धरून आत नेलं की तिला! मला कधी कुणी विचारलं? मी आपला बाहेर स्टुलावर, ठेच्याचा वास घेत. असा जळफळाट झाला म्हणता!

मावशींचं घर त्या एका गिरणीवर चालायचं. मोटर दोनदा जळून आतल्या तारा पुन्हा भरून घेतलेली, हात लावला तर चटका बसायचा. दिवाळीत भाजणीच्या डब्यांची रांग लागते, त्या गर्दीत ही तग धरेल का, एवढाच त्यांना घोर. नव्या मोटरी कुणाला द्यायच्या त्याची यादी दिवाळीआधी जाणार होती. मोजायचं काम साहेबांनी तिला दिलं. मला म्हणाले, "तुम्ही फक्त सोबत जा." फक्त सोबत! आठ वर्षांची ही किंमत.

आम्ही पोचलो तर गिरणी रिकामी. ती खुशीत म्हणाली, "सर, बरं झालं, गर्दी नाहीये." मी उंबऱ्यातच थबकलो. दारात दगडाचा पांढरा चुरा पडला होता, कोपऱ्यात छिन्नी-हातोडा. आदल्या दिवशी टाकी लावली होती, म्हणजे गिरणीचे गुळगुळीत झालेले दगड टाचून पुन्हा धारदार केले होते. टाकी लावली की दुसऱ्या दिवशी पिठात कच येते, म्हणून गावातलं कुणी दळण आणत नाही. त्या दिवशी दगड इतके हलके फिरतात की मरायला टेकलेली मोटरही ठणठणीत वाटते. खरं मोजमाप आठवड्यानं करायचं असतं. पण मोजायला माणसं येणार म्हणून मावशींनी मुद्दाम टाकी लावून घेतली होती, पाहुणे येणार म्हणून घर सारवावं तशी.

हे त्या पोरीला कुठून माहीत असणार? मला माहीत होतं. तिनं मीटर लावला, आकडा बघितला, हसली. "मावशी, मोटर चांगलीये तुमची!" मावशीही हसल्या, टाकीचं केलेलं सार्थकी लागलं म्हणून. एक वाक्य बोलायचं होतं मला. पण मनात म्हटलं, कर की चूक, साहेबांना दिसू दे तुझी हुशारी. आणि मी स्टुलावर बसून चहा प्यालो. मावशींचं नाव यादीत गेलं नाही.

भाजणीच्या ऐन गर्दीत मोटर जळाली. आम्ही दोघं धावत गेलो तेव्हा बाया आपापले डबे उचलून दुसऱ्या गिरणीकडे निघाल्या होत्या. मावशी पट्ट्याला हात लावून उभ्या होत्या.

"तुमच्या मीटरनं त्या दिशी बरी हाय म्हनलं हुतं की," त्या म्हणाल्या.

पोरीचा चेहरा उतरला. "मी नीट मोजलं होतं, मावशी. आणि सर होते ना सोबत. माझं चुकत असतं तर सरांनी तिथल्या तिथं सांगितलं असतं."

इतक्या विश्वासानं बोलली ती. मी तिच्यावर मनातल्या मनात दात खात होतो आणि ती माझ्या नावावर उभी होती.

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या.

"आदल्या दिवशी टाकी लावली होती," मी म्हणालो. "मला दिसलं होतं. मी बोललो नाही."

"टाकी म्हणजे?" पोरीनं विचारलं.

मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुला कुनी सांगितलंच न्हाई, पोरी. चल, दोन घास खाऊन घे." मग त्या वळल्या, दारातलं माझं स्टूल उचललं आणि आत नेऊन ठेवलं. मला आता दारात बसायलाही जागा उरली नाही.