ओढ नावाचा फोटो

आखातात, दुहैलमध्ये, मी एका पुण्याच्या कुटुंबाकडे स्वयंपाक करते. घरातल्या वहिनींना जुन्या पद्धतीने फोटो काढायचा नाद आहे. त्यांच्याकडे शंभर वर्षांहून जुन्या फोटोंचं एक जाड पुस्तक आहे. सगळे फोटो धुक्यात काढल्यासारखे. एका पानावर हातात दिवा धरलेली बाई होती. मी विचारलं, ही कोण?

"कोणी नाही. ती श्रद्धा आहे," वहिनी म्हणाल्या.

गुडघ्यावर डोकं टेकून बसलेली होती, ती दुःख. त्या काळचे फोटोवाले म्हणे ओळखीच्या बायकांना चादर गुंडाळून उभं करायचे आणि मनातल्या एखाद्या भावनेचं नाव द्यायचे. मला नवल वाटलं. आमच्याकडे माणूस ओळखू यावा म्हणून फोटो काढतात.

मग वहिनी म्हणाल्या, "ताई, मला ओढ काढायचीय. तुम्ही उभ्या राहाल?"

मला चारचौघांत बसायचीही लाज वाटते. पण माझी लेक चार महिने फोनवर आली नव्हती. ती नऊ वर्षांची आहे, गावी माझ्या आईकडे असते. मी तिला सोडून आले त्याला तीन वर्षं झाली. आई हाक मारते आणि ती आतूनच ओरडते, "अभ्यास करतेय म्हणावं." असा निराळा फोटो पाठवला तर काहीतरी विचारील, निदान हसेल, असं वाटलं. मी हो म्हणाले.

शुक्रवारी दुपारी वहिनींनी पांढरी चादर आणली. माझे केस सोडले. म्हणाल्या, "आता टिकली काढा."

"चादर घेते वहिनी, पण टिकली राहू द्या. आमचे हे इथेच दिवसभर ट्रक चालवतात."

"अहो, फोटोत तुम्ही तुम्ही नाहीच आहात!"

"तरी पण."

त्या हसल्या आणि तो विषय सोडला. कॅमेऱ्याच्या भिंगावर त्यांनी जुना पायमोजा ताणून बसवला, फोटो अंधुक यावा म्हणून. "आता लांब बघा. ज्याची वाट बघताय त्याच्याकडे."

मी वळले.

"ताई, तिकडे फ्रिज आहे. खिडकी इकडे."

"गाव तिकडे आहे, वहिनी. सूर्य तिकडूनच उगवतो."

"पण उजेड खिडकीतून येतोय ना!"

"खिडकीत कुणाची वाट बघू? बाजूच्या व्हिलाची भिंत दिसते."

वहिनींनी पुन्हा भिंगातून पाहिलं. मग म्हणाल्या, "यल्ला, चला, तशाच राहा. हलू नका."

फोटो आला त्यात माझी पाठ होती. केस, चादर आणि पुढे नुसता अंधार. वहिनी खूश झाल्या. मी मात्र खट्टू झाले. लेकीला यात काय दिसणार? तरी पाठवला.

दुसऱ्या दिवशी भात लावत होते, तेव्हा आईचा फोन आला. घाबरलेली. "पांढरं कामून नेसलीस गं? जावई बरे हायेत ना?"

"बरे आहेत. अगं, ती चादर आहे. त्या फोटोतली मी नाही, ती ओढ आहे."

"कोण?"

एवढ्यात मागून आवाज आला. "आज्जी, दे इकडं." आणि फोन लेकीच्या हातात गेला.

"आई, हा फोटो तुझाच आहे ना?"

"हो."

"तुझी मान तशीच वाकडी आहे. पण तोंड का नाही दाखवलंस? माझ्यावर रुसलीस?"

"नाही गं. मी तुझ्याकडेच बघत होते."

ती म्हणाली, "मला वाटलं, तूच मला विसरलीस. म्हणून मी येत नव्हते."

"तुला कशी विसरेन गं?" मी म्हणाले. तिने आपणच पुढे बोलायला सुरुवात केली. पडलेला दात, शाळेतल्या नवीन बाई, शेजारच्या मुलीशी झालेलं भांडण. किती शिट्ट्या झाल्या ते मी मोजलंच नाही.