नानांची ७३९३९१३३

चाळीसगावच्या शाळेत आम्ही गणिताचे चार मास्तर. मधल्या सुट्टीत चहाला बसलो की किस्से निघतात ते नानांचेच. एकाचा संपतो न संपतो तोच दुसरा सुरू करतो. नाना आमच्यात वडीलधारे, आणि त्यांचा जीव एकाच संख्येवर: ७३९३९१३३.

*

नव्या वर्गात गेले की नाना आधी तीच फळ्यावर लिहायचे. "भाग घालून दाखवा." कुणाला जमायचं नाही. मूळ संख्या ती, एकानं आणि स्वतःनंच भाग जाणार! मग नाना शेवटचा आकडा पुसायचे. उरली तीही मूळ. पुन्हा पुसायचे, पुन्हा मूळ. असं करत नुसता सात उरायचा, तोही मूळच. पोरं आ वासून बघायची. खरं सांगतो, दाराआडून मीही बघायचो.

*

एकदा मी शहाणपणा केला. "नाना, शेवटी अजून एक आकडा जोडला तर?"

"जोडून बघ."

अख्खा रविवार घालवला. कोणताही जोडा, भाग जातोच. सोमवारी माझं तोंड बघूनच नाना म्हणाले, "अशी याहून मोठी नाहीच रे बाबा. हाव केली की मोडते."

*

एका पोरीचे आजोबा वैतागून शाळेत आले. "घरभर तोच आकडा. याना काय उपेग शे, नाना?"

"तुमनी नात हासस, त्याना काय उपेग शे?" नानांनीही अहिराणीतच नातीच्या हसण्याचा उपयोग विचारला.

आजोबा चहा घेऊनच गेले.

*

गॅदरिंगच्या कवायतीला पोरं निवडायचं काम नानांकडे आलं. निवडली त्र्याहत्तर! पीटीचे सर ओळी लावून लावून घामाघूम. सहा-सहाच्या लावा, आठ-आठच्या लावा, एक पोरगं उरतंच.

"नाना, एकाला तरी काढा."

"कुणाचं मन मोडू? एकाच ओळीत उभी करा की."

केली. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. काय देखणी दिसली म्हणून सांगू!

*

गेल्या हिवाळ्यात नानांना अर्धांगाचा झटका आला. धुळ्याला नेलं. डॉक्टर नाव विचारत, गाव विचारत. नाना नुसते छताकडे बघत. "वाचा येईल न येईल, पण माणसाला कळतंय का, तेच समजत नाही," डॉक्टर म्हणाले. आम्हा तिघांना तर रडूच फुटलं.

वहिनी मात्र रडल्या नाहीत. नानांशी लग्न झाल्यापासून ती संख्या ऐकलेली. पोळ्या लाटताना बिनचूक म्हणायच्या. त्यांनी नानांचा हात हातात घेतला आणि सावकाश सुरू केलं.

"सात, तीन, नऊ, तीन, नऊ, एक, तीन, एक."

शेवटचा आकडा चुकला होता. मी सांगायला तोंड उघडणार, तोच खाटेवरून अडखळत आवाज आला.

"एक कसा? नऊनं... भाग जातो ना त्याला."