चिमटीतलं गांडूळ

पंचाहत्तर सालच्या सुमारास मी सोलापुरात गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. एका सकाळी अक्कलकोटकडची एक बाई डालग्यात कोंबडीची पिलं घेऊन आली. एक वाटेतच मेलं होतं, तरी त्याच्यावर ती पदर धरून होती.

डॉक्टरांनी ते चिरलं. आतड्यात शेवयांसारखे पांढरे जंत गच्च भरले होते.

"पिलांना खायला काय घालता?" डॉक्टरांनी विचारलं.

"कण्या. आन मोरीजवळची गांडुळं. हातानं येकेक भरवते की." सांगताना तिची चिमूट आपोआप जुळली.

"त्या गांडुळांतूनच जंत जातात पोटात," डॉक्टर म्हणाले. उरलेली जगवायची तर हे सांगायलाच हवं होतं. पण जरा हळू सांगता आलं असतं, असं मला अजून वाटतं.

बाईनं त्या चिरलेल्या पिलाकडं पाहिलं. मग म्हणाली, "जे लई अशक्त दिसायचं, त्यालाच जास्ती भरवायची मी."

मी पिलांना औषध पाजलं. बाहेर नळापाशी ती टेकली, तशी पिलं चिवचिवत तिच्या हाताशी आली. सवयीनं तिची बोटं ओल्या मातीत गेली आणि तिथंच थांबली. मग तिनं तो हात पदराखाली झाकून घेतला.